भिंतीवरील हातभर कोरी जागा : पराभव स्मरण्याची ज्यू रीत

१/ इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने जेरुसलेम जिंकले आणि ज्यूंचे मंदिर जाळले. याच जागेवरील पहिले मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये बॅबिलोनच्या सैन्याने उद्ध्वस्त केले होते. वेदी गेली, नगरी गेली, समाज मात्र टिकला. तो कसा टिकला, याचे उत्तर रणांगणावर मिळत नाही. ते त्याच्या पंचांगात आणि ग्रंथांत शोधावे लागते. #थ्रेड

२/ हिब्रू पंचांगातील आव महिन्याची नववी तिथी म्हणजे ‘तिशा बेआव’. परंपरेने दोन्ही विध्वंस याच तिथीशी जोडले आहेत. एका सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपर्यंत निर्जळी उपवास, पायांत चामड्याचे जोडे नाहीत, प्रार्थनागृहात मंद दिवे आणि जमिनीवर बैठक. घरात मृत्यू झाल्यावर कुटुंब जे पाळते, त्यातले बरेच काही अवघा समाज शतकानुशतके या दिवशी पाळत आला आहे.

३/ त्या रात्री ‘विलापगीत’ हा ग्रंथ वाचला जातो. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या प्रकरणात प्रत्येकी २२ वचने, एकेका अक्षराने आरंभ होणारी. मधल्या प्रकरणात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणजे ६६. आशेचा सर्वांत स्पष्ट स्वर याच मधल्या प्रकरणात उमटतो.

४/ जळालेल्या नगरीचे, उपाशी मुलांचे वर्णन करणाऱ्या कवीने वर्णानुक्रम का पाळावा? शोकाला आदी-अंत नसतो, अक्षरांना असतो. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत रडून घेतले की निदान एक फेरी पूर्ण होते. पाचव्या प्रकरणात वचने २२च आहेत, पण अक्षरक्रम मोडलेला आहे. काही दुःखे कोणत्याही चौकटीत बसत नाहीत, हेही कवीने लपवलेले नाही.

५/ ग्रंथाचे शेवटचे वचन निराशेचे आहे. ते बदलण्याचे धाडस कोणी केले नाही. रूढी एवढीच, की ते वाचून झाल्यावर त्याआधीचे, पुन्हा पूर्ववत होण्याची याचना करणारे वचन सर्वांनी मिळून परत म्हणायचे. सत्य खोडायचे नाही, पण उठताना ओठांवर याचना असावी, अशी ही योजना.

६/ मंदिर गेल्यानंतरची एक कथा तालमूदमध्ये आहे. काहींनी मांस व मद्य वर्ज्य केले. वेदीवर जे अर्पण होत नाही ते आपण कसे सेवावे, हा त्यांचा प्रश्न. रब्बी येहोशुआ यांनी तर्क पुढे नेला : मग भाकरीही नको, फळेही नकोत, पाणीही नको, कारण तेही वेदीवर अर्पण होत असे. तेव्हा ते लोक निरुत्तर झाले.

७/ रब्बींचा निवाडा मोलाचा आहे. अजिबात शोक न करणे शक्य नाही, आणि अतिशोकही शक्य नाही, कारण बहुसंख्यांना पेलणार नाही असा नियम समाजावर लादू नये. म्हणून घर बांधावे, भिंतींना गिलावाही करावा. फक्त थोडी जागा कोरी ठेवावी. पुढे तिचे मापही ठरले : एक हात लांब, एक हात रुंद, दारासमोर.

८/ संकटकाळासाठी या परंपरेचा खरा धडा हाच मानावा लागेल. ‘विसरा आणि पुढे चला’ हा उपदेश घरभर गिलावा करतो. रात्रंदिवस जुनी जखम उकरणारा इतिहासप्रेम मिरवणारा माणूस घरच बांधत नाही. कोऱ्या जागेला माप हवे, आणि तिच्याभोवती नांदते घर हवे.

९/ पंचांगही तेच माप पाळते. तिशा बेआवच्या दुपारनंतर जमिनीवरून उठून आसनावर बसण्याची मुभा मिळते. पुढील सात शब्बाथांना येशयाच्या ग्रंथातील सांत्वनपर उतारे वाचले जातात आणि त्यानंतर नववर्ष, रोश हशाना, येते. शोकाला एक दिवस, सांत्वनाला सात आठवडे. सांत्वनाला वेळ लागतो, हे येथे गृहीतच धरले आहे.

१०/ आक्षेप रास्त आहे : पराभवाचे स्मरण सूडाला खतपाणी घालत नाही का? विलापगीतातही शत्रूला शाप आहेतच. पण तालमूदने दुसऱ्या विध्वंसाचे कारण विचारताना बोट आत वळवले : समाजांतर्गत निष्कारण द्वेष. या उत्तरालाही मर्यादा आहे. पीडितालाच दोषी ठरवण्याचा धोका त्यात आहे, आणि नाझी संहारानंतर अनेक ज्यू विचारवंतांनी असे स्पष्टीकरण ठामपणे नाकारले. आत्मपरीक्षण समाजाने स्वतःहून करावे. ते दुसऱ्याने त्याच्यावर लादू नये.

११/ या तिथीचा एक धागा कोकणात येतो. रायगडच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाज, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात स्त्रिया व सात पुरुषांपासून आपला वंश वाढला, असे त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ हरपले, हिब्रू विसरली. ‘शेमा’ ही प्रार्थना तेवढी मुखी राहिली.

१२/ तरीही आवची नवमी राहिली. तिचे नाव झाले ‘बिरड्याचा सण’. आधीचे दिवस मांस वर्ज्य आणि या दिवसाशी निगडित जेवणात वालाचे बिरडे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या समाजाच्या इतिहासात अशा सणांची नोंद आहे. आव महिना साधारणपणे श्रावणाच्या आसपास येतो, हेही लक्षात घ्यावे.

१३/ विलापगीताची २२ अक्षरे ज्यांच्यापाशी उरली नव्हती, त्यांनी तो दिवस चुलीवर जपला. कोणते मंदिर, कोणता राजा, हे कदाचित पुसट झाले असेल. या दिवशी ताटात नेहमीचे काही असू नये, एवढे ठाऊक होते. मोड आलेले वाल सोलणाऱ्या त्या हातांनी घरातील कोरी जागा कोरीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी घाणा पुन्हा सुरू केला.