मामाचं कार्ड

परवा तास संपवून स्टाफरूमकडे निघालो होतो. निपाणीजवळच्या खेड्यातून बसनं येणारा बी.ए.चा एक विद्यार्थी मागोमाग आला. "सर, एक इचारायचं हुतं. कोल्हापूरचा मामा दुबईला चाललाय. त्याच्या कार्डावर जुना प्लॅन हाय. नेट कितीबी वापरा, बिल तेवढंच. मामा म्हणतोय, तूच वापर. घेऊ का?"

"घे की, त्यात काय विचारायचं?" असं तोंडावर आलं होतं. पण थांबलो.

सीमाभागात दुसऱ्याच्या नावाचं कार्ड वापरणं काही नवं नाही. दूरसंचारच्या नकाशावर निपाणी कर्नाटक सर्कलमध्ये आणि वीसेक किलोमीटरवरचं कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये. पूर्वी दूधगंगा ओलांडली की रोमिंग सुरू व्हायचं, येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. सोयरीक तर सगळी पलीकडे. त्यामुळे कित्येकांच्या खिशात दोन कार्डं असत, एक स्वतःच्या नावाचं आणि दुसरं मामाच्या नाहीतर मेव्हण्याच्या. पुढे 20 जानेवारी 2011 पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. 3 जुलै 2015 पासून सर्कल बदललं तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. त्यानंतर एक-दोन वर्षांत देशातल्या रोमिंगचे जादा पैसेही गेले. दोन कार्डांची गरज उरली नाही, पण परक्या नावाचं कार्ड काही घरांत तसंच राहिलं.

अमर्याद नेटचा मोह मात्र जगभर सारखाच. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीनं जून 2010 मध्ये आणि व्हेरायझननं जुलै 2011 मध्ये नव्या ग्राहकांना अमर्याद डेटाची योजना देणं बंद केलं. जुन्यांची चालू ठेवली. मग लोक अशा जुन्या ग्राहकाला शोधून, प्रसंगी वर पैसे देऊन, त्याचा करारच आपल्या नावावर करून घेऊ लागले. या व्यवहाराला तिकडे जे नाव आहे, त्याचा अर्थ होतो 'देणं अंगावर घेणं'. मला हे नाव फार नेमकं वाटतं. आपण म्हणतो प्लॅन घेतला. खरं तर आपण जबाबदारी घेतलेली असते.

आपल्याकडे यात तीन गोष्टींची गल्लत होते. नंबर, प्लॅन आणि नाव. कंपनी बदलली तर नंबर आपल्याबरोबर येतो, जुना प्लॅन मागे राहतो. नाव बदलायचं तर जुन्या ग्राहकाची संमती, नव्याचा फॉर्म, फोटो आणि ओळखपत्र लागतं. एवढं करूनही जुना प्लॅन पुढे चालेलच असं नाही, ते आधी विचारून घ्यावं. आणि नाव न बदलता नुसतं कार्ड वापरलं, तर बिल थकल्याची नोटीस मामाच्या दारात जाते. त्या नंबरावरून काही भानगड झाली, तर पोलीसही आधी मामालाच विचारतात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. वडील गेल्यावर त्यांचा फोन आईनं वापरायला घेतला. नाव बदलून घ्यावं, हे आम्हा कुणालाच सुचलं नाही. आईच्या पेन्शनच्या खात्याला तोच नंबर जोडला होता. तीन वर्षांनी कार्ड बिघडलं. नवं कार्ड मागायला आम्ही दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या मुलीनं संगणकात बघून साधेपणानं विचारलं, "ग्राहक स्वतः आलेत का?" आई माझ्याकडे बघतच राहिली. मुलीची चूक काहीच नव्हती. चूक माझी होती. मग मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं आणि चार हेलपाटे. तोवर आईला बँकेचा एकही मेसेज आला नाही. नंबर वाचला, हेच नशीब. बंद झालेला नंबर किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो, आणि बँकेत तो बदललेला नसेल तर आपले मेसेज त्या परक्या माणसाच्या फोनवर जातात.

आपल्या नावावर किती कार्डं चालू आहेत, हे मे 2023 पासून केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं. एका माणसाला साधारण नऊ कार्डांची मर्यादा आहे. वाचकहो, एकदा बघाच. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन कुणाच्या नावावर आहेत, तेही विचारून घ्या. सातबाऱ्यावरच्या नावासाठी आपण कोर्टाची पायरी चढतो, फोनचं नाव मात्र कुणी बघत नाही.

त्या पोराला म्हणालो, "मामा विमानात बसायच्या आधी दोघं मिळून दुकानात जा. कार्ड तुझ्या नावावर होत असेल तरच घे."

आठवड्यानं तो वर्गाबाहेर थांबला होता. "सर, नाव बदललं, पर जुना प्लॅन गेला. आता रोजचं दोन जीबीच मिळतंय."

"मग? वाईट वाटलं?"

"थोडं वाटलं," तो हसला. "पर मामा म्हणाला, बरं झालं, आता तिकडं निवांत झोप लागंल."