भुयारातली मॉस्को

दिमित्री ग्लुखोव्स्की यांची ‘मेट्रो २०३३’ ही कादंबरी २००५ साली पुस्तकरूपाने आली. त्याआधी २००२पासून ती इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येत होती. अणुयुद्धानंतर जमिनीवर जगणे अशक्य झाले आहे आणि उरलीसुरली माणसे मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत राहतात, अशी तिची कल्पना. ती हवेतली नाही: १९३५ साली सुरू झालेल्या याच मेट्रोत दुसऱ्या महायुद्धात मॉस्कोकरांनी बॉम्बहल्ल्यांपासून आसरा घेतला होता. कादंबरीत प्रत्येक स्थानक म्हणजे एक राज्य. कुठे कम्युनिस्ट, कुठे नाझी, वर्तुळाकार मार्गावर व्यापाऱ्यांचा संघ. अन्न म्हणजे अळंबी आणि डुकराचे मांस, चलन म्हणजे बंदुकीची काडतुसे. आर्त्योम हा तरुण या बोगद्यांतून वाट काढतो. यातले अक्राळविक्राळ प्राणी लक्षात राहतात खरे, पण कादंबरीची खरी ताकद वेगळीच आहे: जग संपले तरी माणसांनी जुनी वैरे तेवढी जपून खाली नेली, हे ती निर्भीडपणे दाखवते. हीच निर्भीडता लेखकाने प्रत्यक्षातही दाखवली: रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणाला उघड विरोध केल्याबद्दल मॉस्कोच्या न्यायालयाने २०२३मध्ये ग्लुखोव्स्की यांना त्यांच्या गैरहजेरीत आठ वर्षांची शिक्षा सुनावली.