केनन अजून तिथेच?

'केनन थॉम्पसन अजून तिथेच?' या प्रश्नाची मला चीड येते. १९९४ला 'ऑल दॅट'मध्ये आला तेव्हा तो जेमतेम पंधरा-सोळाचा. २००३पासून 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये. तिथे इतकी वर्षं दुसरं कुणीच टिकलेलं नाही. एडी मर्फी चार सीझन करून सिनेमाकडे वळला, ती झेप. केनन राहिला, ती म्हणे सुस्ती! (आमच्या आयटीत तर दोन वर्षांत कंपनी बदलली नाही की माणूस बाद.)

२०१६चं 'ब्लॅक जेपर्डी' बघा. सूत्रसंचालक केनन हात मिळवायला पुढे येतो आणि ट्रम्पसमर्थकाची लाल टोपी घातलेला टॉम हँक्स दचकून मागे सरकतो. काळ्या अमेरिकन माणसाबद्दलची सगळी धास्ती त्या एका पावलात आहे, आणि तरी हसू फुटतं. लाइव्ह, रीटेक नाही. ही सुस्ती?