रुग्णालयाचे मागचे दार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठीच्या एक बाई माझ्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. खोकला होता म्हणून छातीचा सीटी स्कॅन केला, तर उजव्या फुफ्फुसात जेमतेम एक सेंटिमीटरची गाठ दिसली. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो म्हणजे ही गाठ नवी की जुनी? बाई म्हणाल्या, ‘‘साहेब, दोन-अडीच वर्षांमागं हितंच फोटो काढला होता. तुमच्या कॉम्प्युटरात असंल की.’’ त्यांच्याकडची फिल्म पावसात भिजून गेली होती. आमच्या कॉम्प्युटरातही तो स्कॅन नव्हता. आदल्या महिन्यात सीटी विभागाच्या सर्व्हरवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला होता आणि जुने सगळे स्कॅन कुलूपबंद होऊन कायमचे गेले होते.

अशी घट्ट गाठ दोन वर्षांत वाढलेली नसेल, तर बहुधा निरुपद्रवी समजून तिला हात लावत नाहीत. आमच्याकडे तुलनेला काही नव्हते, म्हणून सुई घालून तुकडा काढावा लागला. त्यात फुफ्फुसाला छिद्र पडले, हवा साचली, छातीत नळी घालावी लागली आणि बाई चार दिवस वॉर्डात राहिल्या. तुकड्यात कर्करोग निघाला नाही. त्या हसत घरी गेल्या. सायबर हल्ल्यामुळे जखमी झालेला रुग्ण म्हणून त्यांची नोंद मात्र कुठेही झाली नाही.

हल्लेखोर आत आले कसे? ज्या दाराने आले, ते दार मीच मागितले होते. रात्री डोक्याला मार लागलेला रुग्ण येतो आणि क्ष-किरणतज्ज्ञ गावाबाहेर राहतात. स्कॅन त्यांना घरी दिसला, तर मेंदूवरचा रक्तस्राव अर्धा तास आधी कळतो. म्हणून ‘काहीतरी सोय करा’ असे मी म्हणालो. कुणीतरी येऊन राउटरमध्ये दोन आकडे भरून गेले आणि सोय झाली. त्या सोयीने दोन-तीन जीव नक्की वाचले असतील. म्हणूनच तिच्यात काय चुकले होते, हे सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

रुग्णालयातले संगणक आतल्या जाळ्यात असतात. बाहेरच्या जगाला फक्त राउटर दिसतो. राउटरला हजारो क्रमांकांची दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. ‘अमुक क्रमांकाच्या दारावर कुणी आले तर त्याला थेट सीटीच्या संगणकाकडे पाठव’, अशी सूचना राउटरला देणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. घरी बसलेल्या तज्ज्ञाला ते दार उघडे असते. अडचण अशी की ते इतर सगळ्यांनाही तितकेच उघडे असते.

‘आमच्या लहानशा रुग्णालयाकडे कोण बघणार?’ असे आम्हालाही वाटले होते. पण इथे कुणी माणूस बघतच नाही, यंत्रे बघतात. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की जुन्या पद्धतीचे चार अब्जांहून अधिक इंटरनेट पत्ते एका साध्या संगणकावरून तासाभराच्या आत चाचपता येतात. तेव्हा उघडे दार सापडणे हा केवळ वेळेचा प्रश्न असतो. त्यात वैद्यकीय प्रतिमांची देवाणघेवाण ज्या ‘डायकॉम’ पद्धतीने होते, ती रुग्णालयाच्या आतल्या विश्वासातल्या यंत्रांसाठी घडवलेली आहे. अनेक ठिकाणी ती पासवर्डसुद्धा विचारत नाही. ग्रीनबोन या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये जगभरचे सुमारे २,३०० प्रतिमा-सर्व्हर तपासले, त्यातले ५९० कुणालाही उघडता येत होते. त्यांत सुमारे २ कोटी ४० लाख रुग्णनोंदी होत्या. पुढच्या अहवालात भारतातल्या राज्यांमध्ये सर्वाधिक उघड्या नोंदी महाराष्ट्रातल्या होत्या.

मोठ्यांचीही सुटका नाही. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्व्हर बंद पडले आणि देशातले सर्वांत नावाजलेले रुग्णालय कितीतरी दिवस कागद-पेनावर चालले. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती बाधित झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. कारण दिले ते आतल्या जाळ्याच्या सदोष विभागणीचे. म्हणजे एका खोलीत शिरलेला चोर सगळ्या घरात फिरू शकत होता.

अशा प्रसंगानंतर वरून ठरावीक आदेश निघतो, बाहेरून प्रवेश पूर्ण बंद. माझा विरोध आहे तो या आदेशाला. दूरून स्कॅन बघण्याची गरज आदेशाने संपत नाही. मग निवासी डॉक्टर स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो. रुग्णाचे नाव, वय, आजार सगळे दहा जणांच्या फोनमध्ये जाऊन बसते आणि फोटोत बारीक रक्तस्राव दिसतही नाही. किंवा कुणी गुपचूप दूरनियंत्रणाचे फुकट सॉफ्टवेअर टाकून ठेवतो. गरज खरी असेल, तर तिला सुरक्षित वाट द्यावी लागते.

ती वाट तीस वर्षे उपलब्ध आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी जाळ्यावरून जाणारे पासवर्ड चोरून टिपले. त्यावर उपाय म्हणून तातू यलोनेन या संशोधकाने ‘सिक्युअर शेल’, म्हणजेच एसएसएच, लिहिले. आज जगातले बहुसंख्य सर्व्हर याच मार्गाने सांभाळले जातात. त्याची ओपनएसएसएच ही आवृत्ती मोफत मिळते. आमच्या कामाचा त्यातला भाग म्हणजे टनेल, अर्थात बोगदा.

यात सीटीचा सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसतच नाही. बाहेर दिसतो तो फक्त एक पहारेकरी संगणक. तज्ज्ञाच्या लॅपटॉपवर एक खासगी किल्ली असते आणि पहारेकऱ्याकडे तिला जुळणारे कुलूप. किल्ली जुळली की दोघांमध्ये सांकेतिक भाषेतला बोगदा तयार होतो. तज्ज्ञ आपल्याच लॅपटॉपवरचे एक दार उघडतो, त्यात टाकलेली मागणी बोगद्यातून पहारेकऱ्याकडे निघते आणि तो ती सीटी सर्व्हरपर्यंत पोहोचवतो. वाटेत कुणी कान लावला तरी त्याला अर्थहीन गोंगाट ऐकू येतो. कुणाच्या किल्लीने कोणत्या एकाच सर्व्हरपर्यंत जाता येईल, हेही ठरवून देता येते.

आम्हा डॉक्टरांना हे समजायला अवघड जाऊ नये. एकेकाळी लघवीच्या नळीचे दुसरे टोक खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडलेले असायचे. चार दिवसांत जवळपास प्रत्येक रुग्णाच्या लघवीत जंतू सापडत. मग नळी आणि पिशवी एकसंध असलेली बंद पद्धत आली आणि संसर्ग लांबला. उघडे पोर्ट म्हणजे ती उघडी बाटली आणि बोगदा म्हणजे बंद पिशवी. पण बंद पद्धतीनेही संसर्ग लांबतो, टळत नाही. म्हणून राउंडवर रोज विचारायचे असते, ‘ही नळी अजून हवी आहे का?’

बोगद्याच्या बाबतीतही तेच. पासवर्डवर चालणारे एसएसएच बाहेर उघडे ठेवले, तर यंत्रे दिवसभर पासवर्ड आजमावत बसतात. म्हणून फक्त किल्ली, तीही प्रत्येकाची वेगळी, आणि सोबत दुसरी खातरजमा. अमेरिकेत २०२४ च्या फेब्रुवारीत चेंज हेल्थकेअर कंपनीत हल्लेखोर शिरले, ते चोरलेल्या पासवर्डने आणि दुसरी खातरजमा नसलेल्या दूरप्रवेशातून. देशभरच्या रुग्णालयांची व औषध दुकानांची बिले अडकली. तज्ज्ञाच्या लॅपटॉपमध्येच व्हायरस असेल, तर बोगदा त्यालाही सुखरूप आत आणतो. आणखी एक धोका उलट्या बोगद्याचा. यंत्रदुरुस्तीला आलेला माणूस आतल्या संगणकावरून बाहेर बोगदा काढून ठेवू शकतो. फायरवॉल बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही आणि ती वाट वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. प्रत्येक रुग्णालयात दूरप्रवेशाची एक वही असावी. कोणती वाट, कुणासाठी, कुणी मंजूर केली आणि कधी बंद होणार, हे तिच्यात असावे. निवासी डॉक्टर बदलून गेला की त्याच दिवशी त्याची किल्ली रद्द व्हावी. स्कॅनची एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी. ती असती तर त्या बाईंच्या छातीत नळी गेली नसती. आणि हे सांभाळायला जिल्हा पातळीवर एक तरी कायमचा, प्रशिक्षित माणूस असावा. आज ते काम ज्याला ‘कॉम्प्युटरमधले कळते’ त्या लिपिकाच्या गळ्यात असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाची भीती ठीक आहे, पण त्याआधी पगाराची तरतूद हवी. सॉफ्टवेअर फुकट आहे, माणूस फुकट नाही.

वाचकांनीही दोन गोष्टी कराव्यात. आपल्या स्कॅनची सीडी किंवा फाइल मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. आणि तुमचा रिपोर्ट कुणी मोबाइलवर फोटो काढून पाठवत असेल, तर ‘दुसरी सोय नाही का?’ असे विचारावे. डॉक्टरांना राग येईल. मलाही आला असता. पण तो प्रश्न मला तेव्हा कुणी विचारला असता, तर राउटरमध्ये ते दोन आकडे भरण्यापूर्वी मी थांबलो असतो.