‘माझें पात्रच तसें आहे!’

दर रविवारीं दुपारीं आमच्या परिचयाच्या एका घरीं पांच तरुण मित्र मेजाभोवतीं जमत. फांसे, कागद, पेन्सिली आणि कल्पनाशक्ति एवढेंच त्यांचें साहित्य. एकजण योद्धा होई, एकजण जादूगार, एकजण धर्मोपदेशक, एकजण चोर, पांचवा सूत्रधार. तो प्रसंग सांगे, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनें बोलत, आणि यशापयशाचा संशय पडेल तेथें फांसा टाकीत. दोन वर्षें हा क्रम अखंड चालला. एके दिवशीं ‘चोरा’नें सूत्रधाराकडे गुपचूप चिठ्ठी सरकविली, निजलेल्या जादूगाराची मंत्रांची पोथी लांबविली आणि ती विकून टाकली. ‘हें कां केलेंस?’ असें जादूगार झालेल्या मुलानें विचारलें, तेव्हां उत्तर मिळालें, ‘मी काय करणार? माझें पात्रच तसें आहे!’ ती बैठक पुन्हां भरली नाहीं. ते दोघे आज रस्त्यांत समोरासमोर आले तरी मान वळवितात.

हा पोरखेळ आहे, त्याचें एवढें काय, असें म्हणणारे वडीलधारे पुष्कळ भेटतील. त्यांना आमचें इतकेंच सांगणें आहे कीं, मैत्री खेळांत तुटली काय किंवा भाऊबंदकींत तुटली काय, तुटली ती तुटलीच. म्हणून त्या उत्तराचा समाचार घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

‘माझें पात्रच तसें आहे’ हें वाक्य वरकरणी मोठें कलानिष्ठ दिसतें. वस्तुतः तें जबाबदारी झटकण्याचें एक सोयीस्कर निमित्त आहे. रंगभूमीवर दुष्टाचें काम करणाऱ्या नटाला निदान नाटककाराच्या लेखणीकडे बोट दाखवितां येतें. येथें तर नट तोच आणि नाटककारहि तोच! त्या चोराला जन्म कोणीं दिला? त्याचा लोभ कोणीं ठरविला? चोर असूनहि सोबत्यांच्या वस्तूंना हात न लावणारा माणूस कल्पितां आला नसता काय? मनुष्यस्वभावाला एका प्रसंगीं एकच वाट नसते. दहा वाटांपैकीं सोबत्याला दुखविणारी वाट ज्यानें निवडली, त्यानें ती स्वतः निवडली. कागदावरील चार ओळींनीं नव्हे.

याच्या अगदीं उलट टोकाला दुसरा एक पक्ष आहे. पात्रांमध्यें कलह म्हणून होऊंच द्यावयाचा नाहीं, असा त्याचा दंडक. हाहि आम्हांस मान्य नाहीं. या खेळाच्या जन्मकथेंतच कलह आहे. इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत डेव्हिड वेसली यानें नेपोलियनच्या काळांतील ब्राउनश्टाइन नांवाच्या एका काल्पनिक नगराचा डाव मांडला व खेळाडूंना परस्परविरोधी हेतु असलेल्या निरनिराळ्या व्यक्ति वांटून दिल्या. डाव हाताबाहेर गेला असें खुद्द वेसलीला वाटलें; खेळाडूंना मात्र त्याची विलक्षण गोडी लागली. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नेसन यानें पुढें गॅरी गायगॅक्सच्या सहकार्यानें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ सिद्ध केला. तो १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. शरण आलेल्या शत्रूला जीवदान द्यावें कीं नाहीं, यावर योद्धा व धर्मोपदेशक हमरीतुमरीवर येतात तेव्हांच कथेला रंग चढतो. ज्यांचें कधीं बिनसतच नाहीं अशा चौघांची कथा ऐकण्यापेक्षां पंचांग वाचावें!

तर मग दोष कलहाचा नव्हे. दोष आहे तो दुसऱ्याची संमति न घेतां त्याची वस्तु पणाला लावण्याचा. हस्तिनापुरच्या सभेंत द्रौपदीनें जो प्रश्न टाकला, त्याचें उत्तर भीष्मालाहि देतां आलें नाहीं. तोच प्रश्न या मेजावर उभा राहतो. पोथी जादूगाराची, ती मिळविण्यांत गेलेले रविवार त्या मुलाचे. ते उधळण्याचा अधिकार चोराला कोणीं दिला?

जेथें संमति आहे तेथें विश्वासघाताचीहि मौज होते. १९८४ सालच्या ‘पॅरानोइया’ या खेळांत प्रत्येक पात्र गुप्तपणें द्रोही असतें आणि द्रोह्यांना हुडकून काढणें हेंच सर्वांचें काम असतें. तेथें सोबत्याला गोळी घातली तरी कोणी रुसत नाहीं. कारण दगा होणार हें प्रत्येकाला ठाऊक असतें, शिवाय प्रत्येक पात्राला सहा प्रतिरूपें दिलेलीं असतात. जेसन मॉर्निंगस्टार याच्या २००९ मधील ‘फियास्को’ खेळांत सूत्रधारच नाहीं; क्षुद्र माणसांचे भलते बेत कसे धुळीला मिळतात हें पाहण्यासाठींच मंडळी बसतात. दोन्हीं ठिकाणीं पण आधीं उघड सांगितलेला आहे. दोन वर्षें जोपासलेल्या पात्रावर मात्र अंधारांत घाव घालणें हा निराळा व्यवहार होय.

सूत्रधारालाहि आम्ही मोकळें सोडूं इच्छीत नाहीं. चिठ्ठी हातीं पडतांच त्यानें ‘फांसा टाक’ म्हटलें आणि आपले हात धुतले. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणींत चोर हा वर्ग आला तेव्हां खिसे कापण्याचें कसब टक्केवारींत मोजलेलें होतें. परंतु चोरी साधली कीं फसली एवढेंच फांसा सांगतो, ती या मेजावर व्हावी कीं न व्हावी हें सांगत नाहीं. तो निवाडा माणसांचा आहे, आणि तो फांशावर ढकलणारा सूत्रधार पंच या नांवास पात्र नाहीं.

उपाय कांहीं अवघड नाहींत. पहिला डाव मांडण्यापूर्वीं एक बैठक केवळ बोलण्यासाठीं घ्यावी. तिला या खेळांतील लोक ‘शून्य बैठक’ म्हणतात, आणि २०२० सालच्या ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरिथिंग’ या अधिकृत ग्रंथांतहि तिची शिफारस आहे. पात्रांनीं एकमेकांवर शस्त्र उगारावें काय, एकमेकांचें चोरावें काय, हें तेथें स्पष्ट ठरवावें. चालू डावांत तसा प्रसंग आलाच तर फांसे बाजूला ठेवून, पात्राच्या नव्हे तर स्वतःच्या तोंडानें, समोरच्याला विचारावें, ‘हें तुला चालेल काय?’ तो नको म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर घावाचा परिणाम काय व्हावा हें ज्याच्यावर घाव पडतो त्यालाच ठरवूं द्यावें. असें केल्यास तोच मुलगा कित्येकदां आपल्या पात्राची अधिकच दुर्दशा आनंदानें करून घेतो, हें आम्हीं पाहिलें आहे.

यानें अकल्पिताची गंमत जाईल, असा आक्षेप येईल. त्यांना आम्ही विचारतों, आखाड्यांतील मल्लांना डोळ्यांत माती फेकण्याची बंदी असते, म्हणून कुस्तीचा निकाल कोणाला आधीं कळतो काय? नियम ठरले म्हणजे निकाल ठरत नाहीं. केवळ हरणाऱ्यालाहि दुसऱ्या दिवशीं आखाड्यांत यावेंसें वाटतें.

त्या चोरानें पोथी उचलण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला असता, तर कदाचित् पोथी गेलीहि असती आणि पुढें कित्येक रविवार तिचा शोध रंगला असता. पात्राचा स्वभाव कागदावर लिहितां येतो, खोडतांहि येतो. मेजापलीकडे बसलेला मित्र तसा खोडून पुन्हां लिहितां येत नाहीं.