नाव बदलणे आणि दिल बदलणे

धर्मांतर म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो: आमिष काय दाखवले? पंडिता रमाबाईंचे आयुष्य वाचले की हा प्रश्न किती तोकडा आहे ते कळते. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे त्यांनीच लिहून ठेवले, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे. तो गवसायला आणखी काही वर्षे लागली. ख्रिस्ती श्रद्धेत तारण कमवायचे नसते. येशूने क्रुसावर पापांचे प्रायश्चित्त केले यावर विश्वास ठेवून, पश्चात्तापाने ते स्वीकारायचे असते. त्यातून ‘नवा जन्म’ होतो. सत्कर्म हे त्याचे फळ, किंमत नव्हे.

मुसलमान म्हणून माझी श्रद्धा वेगळी आहे: कुणी दुसऱ्याच्या गुनाहचे ओझे उचलत नाही, तौबा थेट अल्लाहकडे करायची. तरी रमाबाईंनी केलेला भेद मला ओळखीचा वाटतो. आपल्याकडेही जिभेचा इकरार पुरत नाही, दिलाची तस्दीक लागते. कलमा पाठ असलेले आपण सगळे त्या कसोटीला उतरतो का?

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी दुष्काळातल्या निराधार मुलींना आसरा दिला. त्यांचे नवे जीवन लोकांना तिथे दिसले. धर्म बदलल्याची नोंद कागदावर होते. दिल बदलल्याची नोंद ठेवणारा एकच आहे. त्याचे काम आपण हाती घेऊ नये.