जिभेची मापं आणि स्वरांचा चौकोन

इंग्रजी स्वर उच्चारताना जिभेला कोणता आकार येतो, हे शोधायला संख्याशास्त्र कशाला हवं, असा आक्षेप अजूनही घेतला जातो. ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्सचा स्वरचौकोन आहेच. जीभ किती वर, किती पुढे, एवढं सांगितलं की झालं! हे मला मुळीच मान्य नाही. त्या चौकोनात जिभेचा फक्त सर्वांत उंच बिंदू धरलेला असतो. ‘हीड’ म्हणताना जिभेचं मूळ पुढे सरकतं आणि घशातली पोकळी रुंदावते. ‘हॉड’ म्हणताना तेच मूळ मागे दबतं आणि पोकळी आवळते. स्वराचा नाद घडवण्यात या पोकळीचा वाटा मोठा आहे, आणि चौकोनात तिला जागाच नाही.

हार्शमन, लॅडफोगेड आणि गोल्डस्टीन या संशोधकांनी 1977 साली जिभेचा सगळा आकार मोजण्याचं काम निगुतीने केलं. अमेरिकी इंग्रजी बोलणारी 5 माणसं, 10 स्वर, प्रत्येक क्ष-किरण चित्रात जिभेवरच्या 13 जागांची मापं: एकूण 650 आकडे. त्यांतून दोन हालचाली निघाल्या. पहिलीत मूळ पुढे येऊन जिभेचा पुढचा भाग उचलला जातो; दुसरीत जीभ मागे आणि वर जाते. या दोहोंच्या कमीअधिक मिश्रणाने आकारांतला सुमारे 93 टक्के फरक उलगडतो.

जाणकारांचा आक्षेप अधिक धारदार आहे. मापांतून काढलेल्या अशा हालचाली, म्हणजे घटक, हे गणितातले अक्ष असतात आणि ते कसेही फिरवता येतात, मग या हालचाली जिभेच्या की गणित्याच्या? नेहमीच्या घटक-विश्लेषणाला तो अगदी लागू पडतो. इथे नाही. हार्शमनच्या ‘पॅराफॅक’ पद्धतीत हालचाली सगळ्यांच्या त्याच धरतात. प्रत्येक जण त्या वापरतो मात्र आपापल्या प्रमाणात. अक्ष फिरवले की ही प्रमाणं सगळ्यांना एकदम बसेनाशी होतात. माणसामाणसांतला जो फरक एरवी अडचण म्हणून पुसून टाकतात, त्यानेच इथे उत्तर पक्कं केलं.

5 माणसं थोडी, हे खरं. ‘बर्ड’मधला र-मिश्रित स्वर त्या दहांत नव्हता आणि बाजूने घेतलेल्या चित्रात जिभेच्या कडांचं वळण कळत नाही, हेही खरं. म्हणून पद्धतच टाकून द्यायची? उलट, तिचे निष्कर्ष पुन्हा तपासता येतात. आइसलँडिक स्वरांना तीन घटक लागतात असं जॅक्सन यांनी 1988 मध्ये मांडलं. 1996 मध्ये निक्स आणि सहकाऱ्यांनी त्या विश्लेषणाची फेरतपासणी केली आणि दोनच घटक पुरतात, तेही इंग्रजीशी जुळणारे, असं दाखवलं. मापं आणि रीत दोन्ही समोर होती, म्हणूनच ही तपासणी होऊ शकली.